बाटलीवरची चिठ्ठी

मद्याशी माझा संबंध आजवर द्राक्षासवापुरताच. आमच्या आजोळी माजघरातल्या फडताळात ती बाटली असे आणि तिच्यावर वैद्यबुवांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली असे : ‘जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यातून.’ त्या चिठ्ठीवर घरच्या मंडळींचा एवढा विश्वास, की आत खरोखर काय आहे असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. पुढे आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा ध्यानात आले की इतिहासाच्या बाटल्यांचेही बहुधा असेच होते. आपण चिठ्ठी तेवढी वाचतो आणि बाटली फळीवर ठेवून देतो.

हे सारे नव्याने आठवायला निमित्त झाले कॅलिफोर्नियाच्या प्रवासाचे. माझा भाचा तिकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला आहे. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता एका रविवारी तो म्हणाला, “मामा, आज नापाच्या खोऱ्यात जाऊ. तिथल्या वाइनऱ्या पाहण्यासारख्या आहेत. चव घ्यायलाही देतात.”

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, एवढ्या लांब आलोच आहोत तर पाहा की घोटभर घेऊन. फक्त घरी कोणाला सांगू नका म्हणजे झाले.” ते वचन मी या दिवाळीपर्यंत पाळले होते.

नापाचे खोरे म्हणजे दोन डोंगररांगांच्या मधली एक लांबट, अरुंद पट्टी. दोन्ही अंगांना टेकड्या आणि मधोमध शाळेतल्या कवायतीसारख्या ओळीत उभ्या राहिलेल्या द्राक्षवेली. ठिकठिकाणी मद्यशाळा आहेत आणि तेथे पैसे भरून चव घेण्याचा रीतसर विधी होतो. पेल्यात तळाशी जेमतेम दोन घोट ओततात. आधी तो पेला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहावयाचा, मग हलकेच गोल फिरवून वास घ्यावयाचा, मग घोट तोंडात घोळवावयाचा आणि शेवटी, नको असेल तर, शेजारच्या भांड्यात थुंकून टाकावयाचा. ते भांडे पाहून मला आमच्या आजोबांच्या पिकदाणीची आठवण झाली आणि त्या परक्या जागी जरा धीर आला.

एके ठिकाणी वाढणाऱ्या मुलीने आमची गंमत केली. कागदी पिशव्यांत गुंडाळलेल्या तीन बाटल्या तिने पुढे मांडल्या आणि म्हणाली, “नावे न पाहता क्रम लावा.” आम्ही लावला. पिशव्या काढल्या तेव्हा कळले की मी पहिला नंबर दिलेली बाटली तिघींत सर्वांत स्वस्त होती. माझे अज्ञान जगजाहीरच असल्यामुळे माझे काही बिघडले नाही. परंतु भाच्याने जिला नापास केले होते, तीच वाइन त्याच्या घरी पाहुण्यांसाठी मोठ्या मानाने जपून ठेवलेली होती! बिचारा हिरमुसला. ती मुलगी हसून म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नका. पॅरिसमध्ये याहून मोठ्या लोकांचे असेच झाले होते.”

पॅरिसची ती गोष्ट पुढे येईलच. पण त्या क्षणी माझ्यातला जुना मास्तर जागा झाला. ज्या भूमीत आपण उभे आहोत तिच्या इतिहासावरच्या चिठ्ठ्याही एकदा झाकून पाहिल्या तर? घरी परतल्यावर कितीतरी दिवस मी तोच उद्योग करीत होतो. त्यात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली चिठ्ठी धर्माची. १७६९ साली हुनिपेरो सेर्रा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने सॅन डिएगो येथे पहिले मिशन स्थापन केले आणि १८२३ पर्यंत किनाऱ्याच्या कडेकडेने अशी २१ मिशने उभी राहिली. ख्रिस्ती उपासनेला द्राक्षमद्य लागतेच आणि ते नेहमी दूरवरून गलबतांनी आणणे बेभरवशाचे. म्हणून पाद्र्यांनी मिशनांच्या आवारात वेली लावल्या. त्या काळ्या द्राक्षाला पुढे ‘मिशन’ हेच नाव पडले. ते मूळचे स्पेनमधील ‘लिस्तान प्रिएतो’ हे द्राक्ष, असे स्पेनच्या संशोधकांनी वेलींची वंशपरीक्षा करून दाखविले आहे.

‘पाद्र्यांनी वेली लावल्या’ असे पुस्तके सांगतात. खड्डे खणणारे, पाणी घालणारे आणि द्राक्षे पायांनी तुडविणारे लोक मात्र निराळेच होते. ते तेथले मूळ रहिवासी, इंडियन. एकदा बाप्तिस्मा झाला की त्यांना परवानगीवाचून मिशन सोडता येत नसे. पळून जाणाऱ्यांना धरून आणीत आणि फटके मारीत.

मेक्सिकोचे राज्य आले, मिशनांच्या जमिनी गेल्या. द्राक्षांचा धंदा लॉस एंजेलिस या तेव्हाच्या लहानशा गावात वाढू लागला. १८३१ च्या सुमारास झाँ-लुई व्हीन्य नावाचा फ्रेंच गृहस्थ तेथे आला आणि त्याने मोठा मळा केला. १८५० साली कॅलिफोर्निया अमेरिकेच्या संघराज्यात दाखल झाले, आणि त्याच वर्षी तेथील विधिमंडळाने एक कायदा केला. त्याचे नाव होते ‘इंडियनांचे शासन व संरक्षण यांविषयीचा कायदा’. या संरक्षणाची तऱ्हा पाहा. मळेवाले इंडियन मजुरांना आठवड्याची मजुरी बरीचशी द्राक्षाच्या कडक दारूच्या रूपाने देत. मजूर ती पीत. रविवारी रात्री त्यांना नशेत फिरतात म्हणून पकडून कोंडवाड्यात घालीत. सोमवारी सकाळी त्यांचा दंड भरणाऱ्या मळेवाल्याला आठवडाभरासाठी त्यांचा लिलाव होई. आठवड्याच्या शेवटी पुन्हा मजुरी म्हणून दारू! द्राक्षे त्यांनी वाढविली, दारू त्यांनीच गाळली आणि त्याच दारूने त्यांना फिरून मळ्यात आणून बांधले. कायद्यावर चिठ्ठी होती संरक्षणाची आणि आत हा माल होता.

उत्तरेकडे नापात १८३८-३९ च्या सुमारास जॉर्ज याउंट याने पहिल्या वेली लावल्या. परंतु ‘कॅलिफोर्नियाच्या वाइनचा जनक’ ही पदवी मिळाली ती शेजारच्या सोनोमातील आगोस्टन हराझ्ती या हंगेरियन गृहस्थाला. माणूस मोठा उद्योगी आणि बोलका. १८५७ साली त्याने ब्यूना व्हिस्टा ही मद्यशाळा काढली. १८६१ साली तो युरोपभर हिंडून एक लाखाच्या आसपास द्राक्षाच्या काड्या घेऊन आला. सरकार आपला खर्च भरून देईल अशी त्याची अपेक्षा होती. सरकारने हात वर केले. पुढे तो कर्जात बुडाला, निकाराग्वाला गेला आणि १८६९ साली तेथे एका नदीकाठाहून नाहीसा झाला. मगरीने ओढून नेला असे म्हणतात.

त्याच्या मुलाने पुढे सांगितले की ‘झिन्फांडेल’ हे कॅलिफोर्नियाचे लाडके काळे द्राक्षही आपल्या वडिलांनीच आणले. पितृभक्ती म्हणून हे ठीक होते, पण साऱ्यांनी ते खरे मानले. जवळजवळ शंभर वर्षे पुस्तकांतून तीच चिठ्ठी छापली जात होती. मग चार्ल्स सलिव्हन या इतिहासकाराने जुने कागद उलगडले, तो काय? हराझ्ती अमेरिकेत येण्यापूर्वीच, १८३० नंतरच्या दशकात, हे द्राक्ष पूर्वेकडे बोस्टनच्या बाजूला काचगृहांतून खाण्यासाठी वाढविले जात होते! ते आले तरी कोठून, याचा उलगडा मात्र सलिव्हनच्या कागदांत नव्हता.

आम्ही पाहिलेल्या मद्यशाळांपैकी सर्वांत ध्यानात राहिली ती श्राम्सबर्ग. १८६२ साली जेकब श्राम या जर्मन न्हाव्याने ती काढली. हजामतीच्या धंद्यावर त्याने मळा उभा केला. १८८० साली तेथे एक कृश, खोकणारा इंग्रजी लेखक नवपरिणीत पत्नीसह आला. तो होता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. ‘ट्रेझर आयलंड’ तेव्हा लिहून व्हायचे होते. लग्नानंतरचे दिवस तो जवळच्या डोंगरावर एका ओसाड खाणीतल्या मोडक्या खोपटात काढीत होता. श्रामच्या घरी त्याने निरनिराळ्या वाइन चाखल्या आणि त्या दिवसांवर पुढे ‘द सिल्व्हराडो स्क्वॉटर्स’ हे पुस्तक लिहिले. त्यात सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मद्यव्यापाऱ्याची हकीकत आहे. कॅलिफोर्नियाची वाइन अमेरिकेतले लोक का पीत नाहीत, असा प्रश्न निघाला असता त्याने एक कपाट उघडले आणि खणांतून रंगीबेरंगी, राजमुकुटांनी सजलेल्या चिठ्ठ्यांचा पाहुण्यावर वर्षाव केला. साऱ्या चिठ्ठ्या फ्रान्समधल्या कल्पित वाड्यांच्या आणि मळ्यांच्या! माल इथलाच, नाव तेवढे परके. चांगली वाइन फ्रान्सच्या नावाने खपे आणि वाईट तेवढी कॅलिफोर्नियाच्या नावावर जमा होई. मग अब्रू राहणार कशी?

श्राम्सबर्गची खरी शोभा म्हणजे डोंगराच्या पोटात खणलेली भुयारे. बाहेर ऊन रणरणत असले तरी आत कायम गारवा असतो आणि त्या अंधारात बाटल्या वर्षानुवर्षे आडव्या पडून असतात. भिंतींवर हात ठेवला तर ओलसर दगडावर टिकावाचे घाव बोटांना लागतात. ही भुयारे १८७० नंतरच्या दशकात चिनी मजुरांनी खणली. रेल्वेचे काम १८६९ साली संपल्यावर अनेक चिनी मजूर या खोऱ्यांत आले होते. त्यांनी दगडी बांध घातले, वेली लावल्या, द्राक्षे तोडली, डोंगर पोखरले. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले. ते १९४३ पर्यंत बंदच राहिले. त्या खणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला कोठल्या बाटलीवर दिसले नाही. त्या गारव्यात उभे असताना ध्यानात आले, की चिठ्ठी दोन तऱ्हांनी फसविते. कधी ती खोटे नाव लावते, तर कधी खरे नाव गाळते.

याच सुमारास एक नवे संकट आले. फायलोक्सेरा नावाची, माव्याच्या जातीची एक इवलीशी पिवळी कीड असते. ती मुळांवर बसून वेलीचा रस शोषते. ही मूळची अमेरिकेच्या पूर्व भागातली. तेथल्या रानवेलींना तिची सवय झालेली. झाडे-रोपे नेण्या-आणण्याच्या हौसेत ती युरोपात गेली आणि १८६० नंतर फ्रान्सचे मळेच्या मळे वाळू लागले. १८७३ साली ती सोनोमातही सापडली, कारण कॅलिफोर्नियातील वेली युरोपच्याच होत्या. औषधे झाली, मळे पाण्याखाली बुडवून झाले. शेवटी उपाय निघाला तो आपल्या कोकणातल्या माळ्याला सहज सुचावा असा : कलम! खुंट अमेरिकेच्या रानवेलीचा आणि वर काडी युरोपच्या उंची द्राक्षाची. रायवळ कोयीच्या रोपावर हापूस बांधतात तसेच. आज फ्रान्समधील बहुतेक नामांकित मळे अमेरिकन मुळांवर उभे आहेत. बाटलीवर मात्र वाड्याचे चित्र असते. मुळाचे चित्र कोण काढणार?

किडीतून सावरतात तो कायदा आला. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकाभर दारूबंदी लागू झाली. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परमिटांचे राज्य सुरू झाले, तेव्हाच्या गमती ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना पुढचे नवल वाटणार नाही. कायद्यात दोन वाटा मोकळ्या होत्या. एक उपासनेच्या वाइनची. नापातील ब्यूलियू या मद्यशाळेने चर्चला वाइन पुरवून ती तेरा वर्षे निभावली. दुसरी वाट घरी करावयाच्या फळांच्या रसाची. दर कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन! त्यामुळे द्राक्षांची लागवड घटण्याऐवजी वाढली आणि आगगाड्या भरभरून द्राक्षे पूर्वेकडे जाऊ लागली. दाबून विटेसारखी केलेली द्राक्षे बाजारात आली. तिच्याबरोबर मोठ्या साळसूदपणे इशारा असे की ही वीट पाण्यात विरघळवून अमुक दिवस ठेवू नये, ठेवल्यास तिची वाइन होईल! इशाऱ्याच्या रूपाने कृती सांगणारी अशी चिठ्ठी दुसरी नसेल. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली, तोवर कितीतरी मद्यशाळा बंद पडल्या होत्या. श्राम्सबर्गही पुढे ओसाड पडली.

खोरे पुन्हा उभे राहिले ते हळूहळू, आणि बव्हंशी परक्या देशांतून आलेल्या माणसांच्या हातांनी. रशियातून परागंदा झालेला आंद्रे चेलिश्चेफ १९३८ साली ब्यूलियूत आला. इटालियन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या रॉबर्ट मोंडावीने १९६६ साली आपली मद्यशाळा काढली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चव देण्याची प्रथा रुजविली. क्रोएशियातील एका खेड्यातला माइक गर्गिच १९५८ साली नापात पोचला. मळ्यातले हात तर बहुतेक मेक्सिकन आणि फिलिपिनो. ८ सप्टेंबर १९६५ रोजी दक्षिणेकडे डेलानो गावच्या द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी लॅरी इट्लिऑंगच्या पुढारीपणाखाली संप पुकारला. आठवड्याभरात सेझार चावेझचे मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. १९७० साली मळेवाल्यांनी करार केले तेव्हा कोठे तो लढा मिटला. चावेझचे नाव जगभर झाले. इट्लिऑंगचे नाव पुष्कळांना ऐकूनही माहीत नसते.

आता पॅरिसची गोष्ट. २४ मे १९७६. पॅरिसमध्ये दुकान असलेल्या स्टीव्हन स्परियर या इंग्रज मद्यव्यापाऱ्याने फ्रान्सचे नऊ जाणकार एका हॉटेलात जमविले. पांढऱ्या वाइन दहा, तांबड्या दहा. दोन्हींत सहा-सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार-चार फ्रान्सच्या. बाटल्यांची नावे झाकलेली. निकाल ठरल्यासारखाच होता, म्हणून ‘टाइम’चा जॉर्ज टेबर सोडला तर एकही बातमीदार फिरकला नाही. टेबरजवळ मात्र क्रमाची यादी होती. एका परीक्षकाने घोट घेऊन आपण फ्रान्समध्ये परतलो असा आनंद व्यक्त केला, तेव्हा टेबरने यादी पाहिली. पेल्यात वाइन होती नापाची!

नावे उघडली तेव्हा पांढऱ्यांत पहिली आली १९७३ ची शातो मोंटेलेना, गर्गिचच्या हातची. तांबड्यांत पहिली वॉरन विनियार्स्कीची १९७३ ची स्टॅग्ज लीप, तीही फ्रान्सच्या मानाच्या मूतों-रॉथशिल्डला मागे टाकून. एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. ती मिळाली नाही. पेपर तपासून झाल्यावर मुलाचे नाव पाहून गुण बदलावेसे वाटणे, हा मोह मास्तर म्हणून मला अपरिचित नाही. त्या दोन्ही वाइनच्या बाटल्या आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्या नऊ जणांची जीभ खोटी नव्हती. उलट, नाव झाकल्याबरोबर ती खरे बोलली.

झिन्फांडेलचे कोडे सुटले ते २००१ साली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि त्यांचे क्रोएशियन सहकारी यांनी वेलींची वंशपरीक्षा करीत आड्रियाटिक समुद्राकाठच्या कास्तेला गावचा एक मळा गाठला. तेथे विसरल्या गेलेल्या एका जातीच्या मोजक्याच वेली उरल्या होत्या. ती आणि झिन्फांडेल एकच निघाली. तिचे जुने नाव ‘त्रिबिद्राग’. या शोधाला ज्यांनी आपुलकीने हातभार लावला त्यांत गर्गिचही होता. हे द्राक्ष आपल्या गावाकडचे असावे, अशी शंका त्याला कितीतरी वर्षे येत होती. २०२३ साली शंभरी गाठून तो वारला.

आणि ती भुयारे? १९६५ साली डेव्हिस पतिपत्नींनी ओसाड श्राम्सबर्ग विकत घेतली आणि तेथे फेसाळणारी वाइन करू लागले. सात वर्षांनी, फेब्रुवारी १९७२ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले. २५ तारखेच्या मेजवानीत चाउ एन-लाय यांच्यासमोर त्यांनी स्नेहाचा पेला उंचावला. त्या पेल्यात होती १९६९ ची श्राम्सबर्ग. ज्यांच्या भाऊबंदांना अमेरिकेने दार लावले होते, त्या चिनी मजुरांनी ज्या मद्यशाळेसाठी डोंगर पोखरला, तेथली वाइन अशी शंभरेक वर्षांनी चीनच्या राजधानीत पोचली. खणणाऱ्यांच्या गावी ही वार्ता कोणी पोचविली असेल का?

हे सारे वाचून-लिहून मनावर थोडे ओझे घेऊनच मी एके सकाळी मंडईत गेलो. फाल्गुनाचे दिवस, द्राक्षांचे ढीग लागलेले. गाडीवाला म्हणाला, “घ्या काका, नाशिकची थॉमसन!” मला हसू आले. कोण हा थॉमसन? कॅलिफोर्नियात १८७० नंतरच्या दशकात विल्यम थॉमसन नावाच्या इंग्रज बागायतदाराने हे बिनबियांचे द्राक्ष लावले, आणि इराण-तुर्कस्तानकडचे जुने सुलताना त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आमच्या तासगावकरांनी त्यातूनच पुढे ‘तास-ए-गणेश’ निवडले. नाशिकलाही आता मद्यशाळा आहेत. त्यांतल्या सुला या नामांकित मद्यशाळेचे संस्थापक राजीव सामंत कॅलिफोर्नियात शिकून-राहून आलेले आहेत आणि झिन्फांडेलच्या वेलीही तिकडून येथे आल्या आहेत. आपल्या कितीतरी बागांत मूळही ‘डॉगरीज’ या अमेरिकन रानवेलीचे आहे. म्हणजे गाडीवरचा हा घड इराण, कॅलिफोर्निया, टेक्सास आणि गोदाकाठ अशा चार घरचा पाहुणा!

मी एक मणी तोंडात टाकला. छान गोड होता. सौभाग्यवती म्हणाल्या, “भाव विचारायच्या आधीच चाखता?”

म्हटले, “तेच तर शिकून आलो.”

घरी येताना मात्र एक गोष्ट मनातून जाईना. बारक्या कात्रीने एकेक घड विरळून असा देखणा कोणी केला असेल? पेठ-सुरगाण्याकडून हंगामाला उतरलेल्या एखाद्या टोळीतल्या बाईने, कदाचित. पेटीवर बागेचे नाव छापलेले होते. तिचे नाव छापण्याइतकी जागा त्या चिठ्ठीवर शिल्लक होती.